जपानीकडे जाणारी मराठी वाट

परकीय भाषा शिकायची म्हटले की आपल्याकडील विद्यार्थ्याच्या मनात पहिला विचार येतो तो इंग्रजीचा. फ्रेंच असो, जर्मन असो वा जपानी असो; पुस्तक इंग्रजीतून, व्याकरणाचे नियम इंग्रजीतून आणि शब्दांचे अर्थही इंग्रजीतूनच. त्यामुळे ज्याचे इंग्रजी कच्चे त्याला जगातल्या बाकी सगळ्या भाषांची दारे बंद, अशी एक समजूत आपल्यात पक्की रुजून बसली आहे. मराठी माध्यमातून शिकून आलेले, तालुक्याच्या गावाहून आलेले आपलेच कितीतरी मित्र या समजुतीपायी परकीय भाषेच्या वर्गाची पायरी चढत नाहीत. आणि चढले तरी महिन्याभरात गुपचूप उतरतात. भाषेची आवड असलेला, पाठांतर उत्तम असलेला, बोलका मुलगा केवळ मधल्या दुभाष्याला घाबरून परत फिरतो, ही गोष्ट खेदाची आहे.

हा दुभाष्या खरोखरच आवश्यक आहे काय? निदान एका भाषेपुरते तरी या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे देता येते. ती भाषा म्हणजे जपानी. जपानीचे घर इंग्रजीच्या घरापासून फार दूर आहे. मराठीच्या घरापासून मात्र ते वाटते त्याहून पुष्कळ जवळ आहे. हे कसे, ते या लेखात उदाहरणांनी दाखवायचे आहे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ही वाट एकट्याने, खोलीचे दार लावून चालण्याची नव्हे. चार मित्र जमवून, शब्दांशी खेळत चालण्याची आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. जपानी ही मराठीची बहीण नव्हे, चुलतबहीणही नव्हे. मराठी आर्यभाषाकुलातील, जपानीचे कुल सर्वस्वी निराळे. तेव्हा पुढे जी साम्ये सांगितली आहेत ती रक्ताच्या नात्याची नाहीत. काही योगायोगाची आहेत, काही वाक्यरचनेच्या समान वळणामुळे आली आहेत, आणि काही इतिहासाने खरोखरच येथून तेथे नेलेली आहेत. परंतु शिकणाऱ्याला साम्य उपयोगी पडते. मग ते नात्याचे असो वा शेजाराचे.

वाक्याची ठेवण

‘मी पाणी पितो’ हे वाक्य घ्या. कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. इंग्रजीत जाताना हा क्रम मोडावा लागतो, आणि शाळेत ते मोडणे शिकण्यात आपली कित्येक वर्षे जातात. जपानीत तो मोडावाच लागत नाही. ‘वाताशि वा मिझु ओ नोमु’ : वाताशि म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमु म्हणजे पिणे. मधले ‘वा’ आणि ‘ओ’ हे आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे शब्दाच्या मागे चिकटणारे प्रत्यय आहेत. ‘मी’ हा शब्द नकोसा वाटला तर आपण ‘पाणी पितो’ म्हणतो. जपानी माणूसही ‘मिझु ओ नोमु’ म्हणून मोकळा होतो.

इंग्रजीत संबंध दाखवणारे शब्द नामाच्या आधी येतात. मराठीत आणि जपानीत ते नामाच्या मागून येतात. जपानी ‘नो’ म्हणजे आपले चा-ची-चे. ‘नि’ म्हणजे ला. ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत, ‘मो’ म्हणजे ही. ‘तोमोदाचि नो इए नि इकु’ याचे शब्दाखाली शब्द ठेवून भाषांतर केले तर ‘मित्राच्या घराला जातो’ असे होते. घडी कुठेही विस्कटत नाही. ‘दे’ या प्रत्ययाची गंमत आणखी वेगळी. ‘बासु दे’ म्हणजे बसने, ‘एनपित्सु दे’ म्हणजे पेन्सिलीने. वाहन असो वा साधन असो, आपल्याला जसा एकच ‘ने’ पुरतो तसा त्यांना ‘दे’ पुरतो.

प्रश्न कसा विचारायचा? वाक्याच्या शेवटी ‘का’ लावून. ‘वेळ आहे का?’ याचे जपानी ‘जिकान गा आरिमासु का?’ असे होते. जिकान म्हणजे वेळ, आरिमासु म्हणजे आहे, आणि ‘का’ म्हणजे का! अर्थ तोच, जागा तीच, उच्चारही तोच. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा शुद्ध योगायोग आहे. पण पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्या मराठी मुलाला तो केवढा धीर देतो! समोरच्याची संमती घेण्यासाठी आपण वाक्याला ‘ना’ जोडतो : ‘छान आहे ना?’ तेथे ‘ने’ जोडतात : ‘ई देसु ने.’

याहून महत्त्वाचे साम्य विशेषणवाक्यात आहे. ‘मी काल वाचलेले पुस्तक’ ही रचना आपण सहज करतो. इंग्रजीत आधी पुस्तक, मग जोडशब्द, मग बाकीचे वाक्य अशी गाडी उलटी वळवावी लागते. जपानीत ‘वाताशि गा किनो योन्दा होन’ : मी, काल, वाचलेले, पुस्तक. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या ठिकाणी बराच वेळ अडखळावे लागते. मराठीतून शिकणारा तेथे थांबतच नाही, कारण थांबण्यासारखे काही आहे हेच त्याला कळत नाही.

आवडीनिवडीचेही तसेच. ‘मला सफरचंद आवडते’ या वाक्यात आवडणारी वस्तू हीच व्याकरणदृष्ट्या कर्ता. ‘मी’ बाजूला उभा. जपानी वाक्यातही ‘रिंगो गा सुकि’ असे म्हणताना कर्त्याचा ‘गा’ हा प्रत्यय सफरचंदाला लागतो, माणसाला नव्हे.

एका ‘ऊन’ची करामत

मराठीतील ऊन-प्रत्ययान्त धातुसाधित आणि त्यापुढे येणारे साहाय्यक क्रियापद ही आपल्या भाषेची मोठी श्रीमंती आहे. खाऊन बघणे, खाऊन टाकणे, घेऊन ठेवणे, लिहून देणे. मूळ क्रिया एकच, पण दुसऱ्या क्रियापदाने तिच्यात किती छटा भरतात! जपानीत नेमकी हीच युक्ती आहे. आपल्या ‘ऊन’च्या जागी तेथे ‘ते’ येतो.

‘ताबेरु’ म्हणजे खाणे आणि ‘मिरु’ म्हणजे बघणे. म्हणून ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे. अर्थ डोळ्यांनी बघण्याचा नव्हे, चव घेऊन पाहण्याचा. मराठीत आहे तसाच. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘कात्ते ओकु’ म्हणजे पुढे लागेल म्हणून विकत घेऊन ठेवणे. ‘शिमाउ’ म्हणजे संपवणे, आवरणे. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे, ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे. ‘काइते कुरेरु’ म्हणजे लिहून देणे. येथे मात्र एक बारकावा आहे. दुसरा मला देतो तेव्हा ‘कुरेरु’, मी दुसऱ्याला देतो तेव्हा ‘आगेरु’. आपल्याकडे दोन्ही दिशांना एकच ‘देणे’ चालते.

या एका प्रत्ययात जपानी संस्कृतीचा एक सुंदर रिवाजही दडला आहे. घराबाहेर पडताना आपण ‘जातो’ म्हणत नाही. ते अशुभ मानतात. आपण ‘येतो’ म्हणतो, किंवा ‘जाऊन येतो’. जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो, ‘इत्ते किमासु’. म्हणजे शब्दशः ‘जाऊन येतो’. घरातली माणसे उत्तर देतात, ‘इत्तेराश्शाइ’. म्हणजे ‘जाऊन या’. मराठी मुलाला हे पाठ करावे लागत नाही. आईने उंबऱ्यात ते केव्हाच शिकवलेले असते.

आपली वर्णमाला त्यांच्या घरी

जपानी लेखनात हिरागाना आणि काताकाना अशा दोन अक्षरमाला आहेत. प्रत्येकीत मूळ अक्षरे ४६. इंग्रजीप्रमाणे ती सुटी व्यंजने नाहीत. का, कि, कु, के, को अशी स्वरयुक्त अक्षरे आहेत. म्हणजे आपली बाराखडीच, पण पाच स्वरांची. या अक्षरांचा क्रम पाहण्यासारखा आहे. स्वर झाल्यावर क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. जुन्या जपानीत आजच्या ‘ह’चा उच्चार ‘प’ होता आणि ‘स’चा उच्चार ‘च’च्या जवळचा असावा, असे अभ्यासक मानतात. ते ध्यानात घेऊन ओळी पुन्हा वाचा : क, च, त, न, प, म, य, र, व. हा क्रम कोठून आला हे मराठी वाचकाला सांगायला नको.

याचा इतिहासही ज्ञात आहे. बौद्ध मंत्रांच्या अध्ययनासाठी जपानी भिक्षू सिद्धम् ही भारतीय लिपी शिकत, आणि त्या अध्ययनातून ध्वनींची ही शिस्तबद्ध मांडणी तेथे रुजली. बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोहोचले आणि ७५२ साली नारा येथील प्रचंड बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलनविधी त्यांच्या हस्ते झाला. पुढे कूकाइ हा जपानी आचार्य ८०६ साली चीनहून परतला तो सिद्धम्चे ज्ञान घेऊनच.

उच्चारांच्या बाबतीतही मराठी माणूस भाग्यवान आहे. जपानी ‘त्सु’ इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी सुरुवातीला बसत नाही. तो त्यातला ‘त’ गाळून टाकतो. आपल्याकडे ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगवेगळे आहेत. चमच्यातला च म्हणजेच जपानी ‘त्स’. २००४ सालापासून ‘त्सुनामी’ हा शब्द आपल्या परिचयाचा झाला आहे. त्सु म्हणजे बंदर आणि नामि म्हणजे लाट. मराठी जिभेला तो मूळ उच्चारासह म्हणता येतो. जपानीतील एकमेव स्वतंत्र व्यंजन म्हणजे आपला अनुस्वार : पुढे प-ब आले तर म, त-द आले तर न, क-ग आले तर ङ. आंबा, आनंद आणि अंक म्हणणाऱ्याला हा नियम शिकवण्याची गरज नाही.

ऱ्हस्वदीर्घाचे मात्र भान ठेवले पाहिजे. ‘ओजिसान’ म्हणजे काका आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. ‘युकि’ म्हणजे बर्फ आणि ‘यूकि’ म्हणजे धैर्य. शुद्धलेखनात ऱ्हस्वदीर्घाला कंटाळलेल्या आपल्या मित्रांना येथे त्याचे मोल कळेल. ओजिसान या शब्दाची आणखी एक ओळख सांगण्यासारखी आहे. रस्त्यावरच्या अनोळखी प्रौढ माणसाला आपण जसे ‘काका’ म्हणतो तसेच तेही ‘ओजिसान’ म्हणतात. परक्याला नाते जोडण्याची रीत दोन्हीकडे आहे.

शब्दांचे प्रवास

शब्द हे मोठे प्रवासी असतात. त्यांच्या मागोमाग निघाले की इतिहासाचा अभ्यास खेळासारखा होतो.

बौद्ध धर्माबरोबर संस्कृत शब्द चीनमार्गे जपानला गेले आणि वेश पालटून तेथे राहिले. ‘क्षण’ तेथे ‘सेत्सुना’ झाला. ‘नरक’ तेथे ‘नाराकु’ झाला. काबुकी नाट्यगृहात रंगमंचाखालच्या तळघरालाही नाराकुच म्हणतात. ‘पात्र’ झाले ‘हाचि’. ‘दान’ शब्दापासून ‘दान्ना’ झाला; आधी दाता, मग धनी, मग घरधनी असा त्याचा अर्थ सरकत गेला आणि आता बायका नवऱ्याला उद्देशून तो शब्द वापरतात. कौलाला जपानीत ‘कावारा’ म्हणतात. त्याचे मूळ संस्कृत ‘कपाल’ शब्दाशी नेले जाते. सर्वांत गोड शब्द ‘झान्माइ’. तो म्हणजे आपली ‘समाधी’. वाचनात बुडून गेलेल्या माणसाच्या अवस्थेला ‘दोकुशो-झान्माइ’ म्हणतात, म्हणजे वाचनसमाधी. ग्रंथालयाच्या दारावर लिहून ठेवावा असा हा शब्द आहे.

देवही गेले. सरस्वती तेथे ‘बेन्झाइतेन’ नावाने वीणेसारखे वाद्य घेऊन बसली आहे. महाकाल ‘दाइकोकुतेन’ झाला, आणि आपला विनायक ‘कांगितेन’ या नावाने पुजला जातो. वारांची नावेसुद्धा ओळखीची निघतात. जपानीत रविवार सूर्याचा, सोमवार चंद्राचा. पुढे मंगळवार अग्नीचा, बुधवार पाण्याचा, गुरुवार काष्ठाचा, शुक्रवार सुवर्णाचा आणि शनिवार मातीचा. वरवर पाहता हे निराळेच वाटते. पण जपानीत मंगळ या ग्रहालाच ‘अग्नितारा’ म्हणतात, बुधाला ‘जलतारा’, गुरूला ‘काष्ठतारा’, शुक्राला ‘सुवर्णतारा’ आणि शनीला ‘मृत्तिकातारा’. म्हणजे वार तेच, ग्रह तेच. केवळ ग्रहांची नावे चिनी पंचमहाभूतांवरून पडली.

दुसरा प्रवास समुद्रावरचा. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ साली, आणि त्यांचे पहिले लोक जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले १५४३ साली. दोन्ही किनाऱ्यांवर त्यांनी तेच शब्द उतरवले. आपला ‘पाव’ आणि जपानी ‘पान’ ही एकाच पोर्तुगीज भट्टीतली भावंडे. आपला तंबाखू, त्यांचा ‘ताबाको’. आपल्या साबणाचा भाऊ तेथे ‘शाबोन’ या नावाने आहे. आज तो मुख्यतः ‘शाबोन-दामा’ म्हणजे मुलांच्या साबणाच्या फुग्यांत उरला आहे. पत्त्यांना तेथे ‘कारुता’ म्हणतात, तोही पोर्तुगीजच शब्द.

जपानहून आपल्याकडे आलेले शब्दही आहेत. स्टँडवरची रिक्षा ही मूळची ‘जिन-रिकि-शा’ : माणूस, शक्ती, गाडी. माणसाच्या बळावर ओढायची गाडी असा तिचा अर्थ. मराठीत येईपर्यंत माणूस वाटेत गळला. आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असलेला शब्द म्हणजे हायकू. शिरीष पै यांनी तो काव्यप्रकार मराठीत आणला आणि रुजवला. पाच, सात, पाच अशा सतरा अक्षरमात्रांची ती जपानी रचना आज आपल्या नियतकालिकांत परकी वाटत नाही.

कान असलेल्यांची भाषा

मराठी ही नादाची भाषा आहे. पाऊस नुसता पडत नाही. तो रिमझिमतो, रिपरिपतो, धो-धो कोसळतो. छाती धडधडते, दिवे झगमगतात, दात कडकड वाजतात. इंग्रजीतून लिहिताना हा सारा खजिना आपण घरी ठेवून जातो. जपानीत जाताना तो बरोबर नेता येतो. तेथे बारीक पाऊस ‘शितोशितो’ पडतो आणि मुसळधार ‘झा-झा’. छाती ‘दोकिदोकि’ करते, तारे ‘किराकिरा’ चमकतात, भोवरा ‘गुरुगुरु’ म्हणजे गरगर फिरतो, आणि पोटात कावळे ओरडू लागले की ‘पेकोपेको’. हलकी वस्तू घरंगळते ती ‘कोरोकोरो’. तीच जड असली किंवा ढग गडगडले तर ‘गोरोगोरो’. कठोर क मृदू झाला की वस्तूचे वजन वाढते! आपल्या ‘खडखड’ आणि ‘गडगड’ यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो त्याला हेही कळते. असे शब्द अर्थ पाठ करून येत नाहीत. ते मोठ्याने म्हणावे लागतात, आणि ऐकायला कोणी तरी असावे लागते.

अवघड काय आहे?

इतके सांगितल्यावर अवघड बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जपानीतील खरा डोंगर म्हणजे कांजी, अर्थात चिनी चित्राक्षरे. जपान सरकारच्या नित्योपयोगी यादीत, २०१० सालच्या सुधारणेनुसार, २१३६ कांजी आहेत. त्यांपैकी १०२६ तेथील मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. शिवाय एकाच अक्षराचे दोन वा अधिक उच्चार. पाण्याचे अक्षर एकटे आले की ‘मिझु’, जोडशब्दात आले की ‘सुइ’.

परंतु येथेही मराठीचा हात धरता येतो. आपण ‘पाणी’ पितो, पण धरणामागे साठतो तो ‘जलाशय’. तेथे ‘पाणी-आशय’ म्हणत नाही. चुलीत ‘आग’ असते, पण विमा काढतो तो ‘अग्निविमा’. घरचा शब्द वेगळा, शास्त्रातला शब्द वेगळा, ही सवय आपल्याला तद्भव-तत्समांनी लावलीच आहे. मिझु म्हणजे पाणी आणि सुइ म्हणजे जल, असे समजून चालले की अर्धी भीती जाते.

आदरार्थी भाषेचा दुसरा चढ. तेथे थोरांसाठी क्रियापदच बदलते, आणि स्वतःबद्दल बोलताना नम्र क्रियापद निराळे. आपल्या आईला परक्यापुढे ‘हाहा’ म्हणायचे, दुसऱ्याच्या आईला ‘ओकासान’. तू, तुम्ही, आपण यांतले अंतर ओळखणाऱ्या आणि ‘माझी आई’ व ‘आपल्या मातोश्री’ हा भेद जाणणाऱ्या मराठी माणसाला हा विचार तरी नवा नाही. आणि या साऱ्या कष्टांबद्दल एक मोठी सूटही मिळते. जपानी नामांना लिंग नाही आणि क्रियापदाला लिंगवचनाची ओढाताण नाही. तो गेला, ती गेली, ते गेले. तिघांनाही ‘इत्ता’ पुरते.

मंडळी हवीत

आता शेवटच्या मुद्द्याकडे येऊ. जपानी भाषेची जगभर घेतली जाणारी प्रावीण्य परीक्षा १९८४ साली सुरू झाली. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत, आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईतही ती घेतली जाते. पुणे हे तर भारतातील जपानी शिक्षणाचे एक प्रमुख केंद्र मानले जाते. या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. संभाषणाची परीक्षा तीत नाही. याचा अर्थ उघड आहे. पुस्तके घोकून एकटा विद्यार्थी प्रमाणपत्र मिळवू शकतो आणि तरीही जपानी पाहुण्यापुढे मुका उभा राहू शकतो. बोलणे ही गोष्ट कोणत्याही कागदावर मिळत नाही. ती माणसांतच मिळते.

ही गोष्ट आजची नाही. आन्जिरो नावाचा कागोशिमाचा एक जपानी गृहस्थ १५४८ साली गोव्याला येऊन राहिला. तेथील सेंट पॉल कॉलेजात अनेक देशांच्या विद्यार्थ्यांबरोबर राहून तो अल्पावधीत पोर्तुगीज लिहा-वाचायला शिकला, आणि पुढल्या वर्षी फ्रान्सिस झेवियरबरोबर दुभाष्या म्हणून मायदेशी परतला. त्याच्या हाताशी ना शब्दकोश होता, ना जपानीतून पोर्तुगीज शिकवणारे पुस्तक. होती ती सोबत.

आपल्या महाविद्यालयात अशी सोबत उभी करणे अवघड आहे काय? पाच-सहा जण पुरेत. आठवड्यातून एक दिवस, एक तास, एक रिकामा वर्ग. प्रत्येकाने एक शब्द आणायचा आणि त्याचा अर्थ मराठीतूनच सांगायचा. शक्य तर त्याचा मराठी सोबती शोधायचा. ‘खाऊन बघणे’सारख्या जोड्या जमल्या की त्या भित्तिपत्रकावर लावायच्या. कोणी वर्गात जात असेल तर त्याने इतरांना शिकवायचे, कारण शिकवणाऱ्याचे शिकणे दुप्पट होते. मोबाइलवरून जपानी उच्चार ऐकण्याची सोय आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पण ऐकलेले एकमेकांना म्हणून दाखवायला समोर माणूस लागतोच.

आणि खेळायचे. जपानी मुलांचा ‘शिरितोरि’ हा खेळ म्हणजे शब्दांच्या भेंड्याच. एकाने ‘साकुरा’ म्हणावे, दुसऱ्याने ‘रा’वरून ‘राकुदा’ म्हणजे उंट, तिसऱ्याने ‘दारुमा’, चौथ्याने ‘मागो’ म्हणजे नातू. आणि पाचवा ‘गोहान’ म्हणजे भात म्हणाला की तो हरला. कारण त्या अनुस्वारासारख्या ‘न’पासून जपानीत शब्दच सुरू होत नाही. आपल्या भेंड्यांत ‘ळ’ किंवा ‘ण’ आला की जी पंचाईत होते तीच ही! जरा वरच्या वर्गाचा खेळ म्हणजे शंभर कवींच्या शंभर कवितांचा कारुता. एकाने कवितेचा पूर्वार्ध वाचायचा आणि इतरांनी उत्तरार्धाचा पत्ता झडप घालून उचलायचा. पाठांतराला एवढी लज्जत आपल्याकडेही एके काळी भेंड्यांनीच आणली होती.

इतिहास, मराठी व संस्कृत या विषयांच्या प्राध्यापकांनी अशा मंडळात अधूनमधून डोकवावे, अशी विनंतीही येथे करावीशी वाटते. पावाचा प्रवास इतिहासाचे सर सांगतील, समाधीचा झान्माइ कसा झाला ते संस्कृतच्या बाई सांगतील. मग परकीय भाषेचा वर्ग म्हणजे कोणा परक्याचे अंगण राहणार नाही.

जपानी आल्याने नोकरी मिळते, हे खरे आहे आणि चांगलेही आहे. परंतु ज्याला शब्दांची गोडी लागली नाही त्याचा नोकरीच्या आशेने सुरू केलेला अभ्यास कांजीच्या पहिल्या चढावरच दमतो. गोडी लागायला आधी ओळख पटावी लागते, आणि ओळख पटवण्याचे काम आपली मायबोली करू शकते. इंग्रजी अवश्य शिकावी, उत्तम शिकावी. पण प्रत्येक दारावर तिची चिठ्ठी घेऊनच उभे राहिले पाहिजे असे नाही. काही दारे मराठीत हाक मारली तरी उघडतात. ज्या मित्रांनी आजवर इंग्रजीच्या धास्तीने ती ठोठावलीच नाहीत, त्यांनी या वर्षी एकदा ठोठावून बघावे. ‘बघावे’ यालाही जपानीत ‘मिरु’च म्हणतात!